स्वस्त पोकर चिप्सवर स्वतःचं स्टिकर: बेळगावात काय जमतं, काय फसतं

घरच्या डावाला चिंचोके चालतात, कॅरमच्या सोंगट्याही चालतात. पण सोंगटी ७ ते ९ मिलिमीटर जाड असते. वीस रचल्या की सोळा सेंटिमीटरचा मनोरा होतो आणि कोणाचं कोपर लागलं की सगळा हिशेब सतरंजीवर. पोकरची चिप, म्हणजे डावात गुण मोजायची गोल चकती, ३.३ ते ३.५ मिलिमीटरची, वीसची चळत सात सेंटिमीटरच्या आत बसते. म्हणून शेवटी सगळी मंडळी ॲल्युमिनियमच्या पेटीतला तो ३०० चिप्सचा स्वस्त सेट घेतातच. इथे परीक्षण त्या सेटचं आहे. त्याला स्वतःचं रूप द्यायला बेळगाव, निपाणी, खानापूर भागात ज्या प्रकारची दुकानं मिळतात, त्यांच्या कामाचंही आहे.

आधी सेट. कडेला फाशांचे ठिपके असलेली, साडेअकरा ग्रॅमची म्हणून विकली जाणारी ही चिप दुकानदार ‘डाइस चिप’ म्हणून ओळखतात. बाहेरून एबीएस प्लास्टिक, पोटात धातूची चकती. पेटीवर ‘क्ले कॉम्पोझिट’ आणि ‘कॅसिनो वेट’ असं छापलेलं असलं तरी दोन्ही सोडून द्यावं. मातीचा तिच्याशी संबंध नाही, आणि खऱ्या कॅसिनोतली क्ले चिप साधारण साडेआठ ते दहा ग्रॅमची, म्हणजे हिच्यापेक्षा हलकीच असते. वजन जास्त म्हणजे माल अस्सल हा समज सोनाराच्या दुकानात ठेवावा. याहून खालच्या दर्जात चार ग्रॅमच्या, पोटात चकती नसलेल्या, एकमेकीत अडकणाऱ्या दातेरी कडेच्या चिप्स मिळतात. त्या मुलांना गणित शिकवायला बऱ्या, त्यांच्यावर एक रुपयाही घालू नये. साडेतेरा-चौदा ग्रॅमच्या महाग चिप्स घ्यायलाही खास कारण नाही. पोटातली चकती मोठी, बाकी सगळं तेच.

डाइस चिपचा खरा दोष असा की बहुतेक वेळा तिच्यावर आकडा नसतो. लाल म्हणजे किती आणि निळी म्हणजे किती, हे दर डावाला नव्याने ठरतं आणि दर डावाला वाद होतो. स्टिकर लावायचं ते यासाठी. नाव, लोगो, गल्लीच्या मंडळाचं चिन्ह हे सगळं नंतर.

घेताना पाच मिनिटं पेटी उघडून बघावी. लोहचुंबक लावावा, बहुतेक चिप्समध्ये चकती लोखंडी असते आणि चिप चिकटते. घरच्या काट्यावर एक चिप ठेवून काही कळत नाही, वीस एकदम ठेवाव्यात. साडेअकराच्या हिशेबाने २३० ग्रॅम भरायला हवं. मग दहा-बारा चिप्स काचेच्या काउंटरवर ठेवून टिचकी मारून फिरवायच्या. साच्यातून गरम असताना काढल्यामुळे काही चिप्स मध्ये फुगलेल्या असतात. त्या भोवऱ्यासारख्या फिरत राहतात आणि चळतीत डुलतात. दहात एखादी असली तर चालेल, तीन असल्या तर पेटी परत. शेवटी कडेवरून नख फिरवावं. साच्याच्या जोडावर प्लास्टिकची बारीक धार राहते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्याला ‘बर’ म्हटलं की लगेच कळेल. धार थोडी असेल तर दहा चिप्स दोन लाकडी तुकड्यांत सी-क्लॅम्पने आवळून कडेवरून ४०० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून चार-पाच वेळा फिरवला की जाते. त्यापेक्षा जास्त घासलं तर फाशांचे ठिपके पुसट होतात.

आणि एक माप, ज्याच्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. चिपच्या मधोमध गोल खळगा असतो, त्याच्याभोवती कंगोरा. तो खळगा वर्नियरने, म्हणजे मिलिमीटरचाही भाग दाखवणाऱ्या सरकत्या मापकाने, मोजावा. पट्टीने नाही, वर्नियरने. बेळगावात वर्नियर मागायला लाजायचं कारण नाही. दर दुसऱ्या घरात फाउंड्रीत किंवा मशिन शॉपमध्ये जाणारा कोणीतरी सापडतो. वेगवेगळ्या साच्यांचे खळगे वेगवेगळे असतात, आणि एकाच पेटीत लाल चिपचा खळगा पांढऱ्या चिपपेक्षा अर्धा मिलिमीटर लहान निघू शकतो. म्हणून प्रत्येक रंगाच्या तीन चिप्स मोजायच्या, दोन्ही बाजूंनी. सगळ्यांत लहान माप धरायचं आणि त्यातून एक मिलिमीटर वजा करायचा. तो स्टिकरचा व्यास. खळगा २६ भरला तर स्टिकर २५.

हा एक मिलिमीटर वाचवायच्या मोहातच बहुतेक सेट बिघडतात. २६ च्या खळग्यात २६ चं स्टिकर बसवलं की एका बाजूने ते कंगोऱ्यावर चढतंच, कारण हाताने कोणीही इतकं नेमकं बसवू शकत नाही. चढलेली कड चळतीत वरच्या चिपला घासते, आठवड्यात उचलते, मग बोटाचा मळ तिच्याखाली जातो. महिन्याभरात स्टिकरला काळी किनार. शिवाय जाडी. स्टिकर, गोंद आणि लॅमिनेशन मिळून साधारण ०.२ मिलिमीटर होतात, दोन्ही बाजूंचे ०.४. खळग्यात बसलं तर ही जाडी मोजायची गरज नाही. कंगोऱ्यावर चढलं किंवा चिपला खळगाच नसला तर वीस चिप्सच्या चळतीत ८ मिलिमीटर वाढतात, आणि पेटीच्या ट्रेमध्ये जिथे २५ चिप्स बसायच्या तिथे २२ बसतात.

स्टिकर कुठे करावं

दोन वाटा आहेत आणि दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे.

पहिली, डिजिटल प्रेस. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, मेन्यू छापणारी. इथे १२ × १८ इंची शीट लेसर पद्धतीच्या यंत्रावर छापतात. कागदी स्टिकर मागितलं नाही तरी तेच पुढे येतं, ‘मिरर कोट’ म्हणून. ते घेऊ नये. बेळगावच्या पावसाळ्यात, खानापूरकडे तर बघायलाच नको, कागदी स्टिकरची कड जूनमध्ये फुगते आणि ऑगस्टपर्यंत सालीसारखी निघते. ‘नॉन-टेअरेबल’ मागावं, म्हणजे हाताने न फाटणारी प्लास्टिकची शीट. तिच्यावर मॅट थर्मल लॅमिनेशन. मग ‘हाफ कट’: प्लॉटरचं पातं फक्त वरचं स्टिकर कापतं, मागचा कागद अखंड राहतो. ‘फुल कट’ झालं तर ६०० सुट्या टिकल्या पिशवीत मिळतात आणि प्रत्येकीचा मागचा कागद नखाने सोडवण्यात रविवार जातो.

दुसरी, रेडियमवाला. गाड्यांच्या नंबरप्लेटा, काचेवरची अक्षरं, दुकानांचे बोर्ड करणारा. ज्याच्याकडे छापून कापणारं यंत्र आहे, तो रोलवरच्या व्हिनाइलवर इको-सॉल्व्हंट शाईने छापून देतो. रंग इथे जास्त गडद येतात, काळा खरोखर काळा दिसतो. घोळ होतो तो घाईमुळे. ही शाई वाळली असं दिसलं तरी तिच्यातलं सॉल्व्हंट पूर्ण उडायला साधारण २४ तास लागतात. ‘होतंय की ओ, सांजचं या’ असं म्हणणाऱ्या दुकानात छापल्या छापल्या वरून लॅमिनेशन दाबतात, सॉल्व्हंट आत कोंडतं, गोंद मऊ पडतो आणि २५ मिलिमीटरच्या गोलाच्या कडा आठ दिवसांत वर वळतात. गाडीच्या काचेवर मोठ्या स्टिकरला हे दिसत नाही. चिपवर लगेच दिसतं. तेव्हा स्वतःच सांगावं, ‘आज छापा, उद्या लॅमिनेट करा, परवा येतो.’ शिवाय साधं स्वस्त व्हिनाइल काही महिन्यांत किंचित आकसतं आणि कडेला चिकट गोंदाची रेघ उघडी पडते. तिला धूळ लागते. नॉन-टेअरेबल शीट तशी आकसत नाही.

दोन्हींत निवडायचं तर चिप्ससाठी डिजिटल प्रेस. पाचपैकी चार गुण. एक गुण कापणीतल्या सरकण्याचा. रेडियमवाल्याला तीन, आणि एक दिवस थांबायला तयार असेल तर साडेतीन.

कापणीतलं सरकणं समजून घेतलं तर डिझाइनच बदलतं. प्लॉटर शीटवरच्या चार काळ्या खुणा बघून कापतो, पण शीट लॅमिनेशनच्या उष्णतेत जराशी ताणलेली असते. त्यामुळे शीटच्या एका टोकाला कापणी बरोबर आणि दुसऱ्या टोकाला अर्धा ते एक मिलिमीटर बाजूला, असं हमखास होतं. स्टिकरच्या कडेला बारीक सोनेरी रिंग काढली असेल तर हा अर्धा मिलिमीटर आंधळ्यालाही दिसेल: रिंग एकीकडे जाड, दुसरीकडे गायब. म्हणून कडेला रिंग नको. पार्श्वभूमीचा रंग कडेच्या बाहेर आणखी एक मिलिमीटर पसरू द्यावा, आणि अक्षर-आकडे मधल्या १९ मिलिमीटरच्या गोलात ठेवावेत. हौशी डिझाइन करणारा नेमकी रिंगच काढतो, कारण कॉम्प्युटरच्या पडद्यावर ती फार देखणी दिसते.

शीटचा हिशेब: २५ मिलिमीटरचं स्टिकर, मध्ये २ मिलिमीटरची फट, कडेला खुणांची जागा सोडून आडवे १० आणि उभे १५, म्हणजे शीटला १५०. तीनशे चिप्सच्या दोन्ही बाजूंना ६०० लागतात. चार शीट नेमक्या होतात, पाच छापाव्यात. वाकडी लागलेली, हरवलेली, मुलांनी कपाटाला चिकटवलेली धरून पाचवी शीट वर्षभरात संपते.

फाइल देताना

इथे मराठी माणसाचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. प्रेसमध्ये काम कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर चालतं. मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप केलेलं ‘श्रीमंत’ किंवा ‘डाव क्लब’ व्हॉट्सॲपने पाठवलं आणि ऑपरेटरने ते जुन्या आवृत्तीत चिकटवलं, की वेलांटी अक्षराच्या पलीकडे उडी मारते, जोडाक्षरं तुटून हलन्त दिसतात. मग तो श्रीलिपी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा टाइप करतो. सीमाभागातला ऑपरेटर बहुधा मराठी वाचतो, पण दिवसभर कन्नड, इंग्रजी, मराठी तिन्ही मजकूर हाताखालून जातो. ऱ्हस्व-दीर्घाची चूक तो पकडेल ही अपेक्षा ठेवू नये. उपाय साधा आहे: मजकूर आधी ‘कर्व्ह’ करून, म्हणजे अक्षरांचं रेषाचित्रात रूपांतर करून, पीडीएफ द्यावी. कन्नड मजकूर असेल तर हे दुप्पट लागू. नुडी या कन्नड सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेलं दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं की वत्तू, म्हणजे अक्षराखाली लिहायची जोडाक्षरांची चिन्हं, भलतीकडे जातात.

आकडे कोणत्या लिपीत? पाहुण्यांत निम्मे कन्नड बोलणारे असतील तर मधला मोठा आकडा आंतरराष्ट्रीय, म्हणजे इंग्रजीतला 1, 2, 3, ज्याच्यावर कोणाचा वाद नाही. लिपीपेक्षा मोठा त्रास शून्यांचा होतो. टेबलापलीकडून १०० आणि १००० यांत फरक कळत नाही, विशेषतः चिप उलटी पडली असेल तर. हजाराच्या चिपवर आकड्याखाली शब्द लिहावा. एका बाजूला ‘हजार’, दुसऱ्या बाजूला कन्नडमधून ‘साविर’. दोन बाजूंना स्टिकर वेगळी असल्याने याला जादा खर्च नाही आणि टेबलावर बसलेला कोणी परका राहत नाही. आकड्याची उंची १९ मिलिमीटरच्या गोलात दोन अंकांना ९ मिलिमीटर, चार अंकांना ६ ते ७. त्याहून लहान ठेवून मंडळाचा लोगो मोठा करणं म्हणजे मुख्य काम विसरणं.

रुपयाचं चिन्ह छापू नये. चिपवरचा आकडा गुणांचा असतो, पैशाचा नाही, आणि तो तसाच दिसलेला बरा. चोर्ला घाट उतरला की पणजीचे कॅसिनो आहेत म्हणून तिथल्या चिप्सची हुबेहूब नक्कल करायचा मोहही टाळावा. नाव आणि चिन्ह त्यांच्या मालकीचं, आणि उद्या कोणी ती चिप खिशात घालून तिकडे गेला तर निस्तरायचं कोणी?

रंगांचं एक. निळी आणि काळी चिप पिवळ्या दिव्याखाली सारखीच दिसते, आणि लाल-हिरव्याचा फरक न कळणारी माणसं आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त असतात. म्हणून फक्त चिपच्या रंगावर विसंबू नये. स्टिकरची पार्श्वभूमी हलकी-गडद अशी आलटून पालटून ठेवावी: २५ ला पांढरट, १०० ला गडद, ५०० ला पिवळी, १००० ला काळी.

आधी नमुना. दहा स्टिकरचा एक कोपरा छापून घ्यावा, पाच चिप्सवर लावावा, ओल्या फडक्यात एक रात्र गुंडाळून ठेवावा आणि सकाळी नखाने कड उचलून बघावी. उचलली नाही तर बाकीची छपाई सांगावी. शिवजयंतीच्या चित्ररथांचे, गणेशोत्सवाचे, कर्नाटक राज्योत्सवाचे दिवस टाळावेत. तेव्हा प्रेसवाल्याला तुमच्या दहा स्टिकरचं तोंडसुद्धा बघायला वेळ नसतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

लावणं

नव्या चिपवर साच्याला लावलेल्या तेलाचा पातळ थर असतो. बोटांना ती जी घसरट लागते ती त्यामुळेच, आणि स्टिकर निघून येतं तेही बऱ्याचदा त्यामुळेच. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब, जुन्या टूथब्रशने खळगा घासायचा, लगेच पुसायचं. रात्रभर भिजत घालायचं नाही. जोडात कुठे फट असेल तर पाणी लोखंडी चकतीपर्यंत जातं आणि मग चिपमधून तांबूस डाग डोकावतो. पंख्याखाली पूर्ण वाळल्यावर, स्टिकर लावायच्या आधी मेडिकलमध्ये मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा खळग्यातून एकदा फिरवायचा.

थिनर वापरू नये. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नये. रंगाच्या दुकानात ‘डाग काढायचाय’ म्हटलं की थिनरची बाटलीच पुढे येते, पण एबीएस थिनरमध्ये आणि ॲसिटोनमध्ये विरघळतं. चकाकी जाते, खळगा चिकट होतो, बोटांचे ठसे कायमचे उमटतात. अशी चिप परत दुरुस्त होत नाही.

चिपवर आधीचं कंपनीचं स्टिकर असेल तर केस वाळवायच्या ड्रायरने वीस-तीस सेकंद गरम करून कटरच्या टोकाने कड सोडवावी. ड्रायर एकाच जागी धरून ठेवू नये. एबीएस साधारण १०० अंशांच्या पुढे मऊ पडतं आणि चिप वाकली की ती भोवराच. राहिलेल्या गोंदाला खोबरेल तेल चोळून दहा मिनिटं ठेवावं, मग साबण, मग अल्कोहोल. सोनेरी छापाचे आकडे असतील तर ते पांढऱ्या खोडरबरानेही बरेचसे निघतात.

आता प्रत्यक्ष लावायचं. स्टिकर कटरच्या टोकावर उचलायचं, बोटाने गोंद शिवायचा नाही. खळग्यावर वरून सरळ बघायचं, बाजूने नाही. चारी बाजूंना अर्धा मिलिमीटर रिकामी गोल फट दिसली की सोडायचं. आधी मध्य दाबायचा, मग अंगठा मधून बाहेर गोल फिरवायचा. उलट केलं तर मध्ये हवेचा फुगा अडकतो, आणि २५ मिलिमीटरच्या स्टिकरमधला फुगा सुईने टोचला तरी पूर्ण बसत नाही. रेडियमवाले काचेवर करतात तसं साबणपाणी फवारून सरकवण्याची युक्ती इथे चालत नाही. इतक्या लहान खळग्यातून पाणी बाहेर पडायला वाट नसते.

खळगा नसलेल्या सपाट चिप्सना साचा करून घ्यावा. लेझर कटिंगवाल्याकडून ३ मिलिमीटर ॲक्रिलिकच्या दोन पट्ट्या: खालच्या पट्टीला चिपच्या व्यासापेक्षा ०.३ मिलिमीटर मोठं भोक, वरच्या पट्टीला स्टिकरपेक्षा ०.२ मिलिमीटर मोठं, दोन्ही भोकांचा मध्य एक, कोपऱ्यांत दोन खिळे. चिप खाली, स्टिकर वरच्या भोकातून, आणि खोडरबराच्या टोकाने दाब. काम संथ होतं पण एकही वाकडं बसत नाही.

एका स्टिकरला पंधरा सेकंद धरले तरी ६०० ना अडीच तास लागतात. दोघांनी बसावं: एकाने उचलून द्यायचं, दुसऱ्याने लावायचं. लावून झाल्या की वीस-वीसच्या चळती करून वर वरवंटा किंवा दोन जाड पुस्तकं, आणि निदान २४ तास खेळायचं नाही. गोंद पहिल्या तासात चिकटतो, धरतो तो दुसऱ्या दिवशी.

बाकीचे मार्ग, थोडक्यात

डोम स्टिकर, म्हणजे वरून काचेसारखी रेझिनची टेकडी असलेलं. रेडियमवाले हे हौसेने सुचवतात, दिसतंही झकास. चिपसाठी शून्य गुण, कारण चळत उभीच राहत नाही. फक्त डीलर बटणासाठी, म्हणजे पत्ते वाटण्याची पाळी कोणाची हे दाखवणाऱ्या चकतीसाठी, योग्य. ते बटण ६० मिलिमीटर व्यासाचं, ८ मिलिमीटर जाड पांढऱ्या ॲक्रिलिकमधून कापून घ्यावं. चिपपेक्षा स्पष्ट वेगळं दिसतं.

यूव्ही छपाई. ट्रॉफी आणि मोबाइल कव्हरवर छापणारे थेट चिपवरही छापतात. एकदम ४०-५० चिप्स बसतील असा भोकांचा ट्रे त्यांना करून द्यावा लागतो, नाहीतर प्रत्येक चिपवर आकडा वेगळ्या जागी येतो. दिसायला हे सगळ्यांत सुबक, कारण कडच नाही, उचलायला काही नाही. पण एबीएसवर प्रायमर न लावता छापलं तर नखाने खरवडतं. नमुन्यावर सेलोटेप दाबून झटक्याने ओढावी. रंग टेपवर आला तर नमस्कार करून बाहेर पडावं. प्रायमर लावून देणारा भेटला तर साडेचार गुण.

मगवर छापणाऱ्याकडे जाऊ नये. सब्लिमेशनला १८० ते २०० अंश उष्णता लागते, त्यात डाइस चिपची पुरी होईल. लेझरने कोरायलाही नको: एबीएस वितळतं आणि विषारी धूर सोडतं, शहाणा लेझरवाला स्वतःच नाही म्हणतो. मार्करने कडेवर पट्टे ओढायची हौस पहिल्या दोन डावांत बोटांवर उतरते.

किती चिप्सवर कोणता आकडा

छपाईआधी हे कागदावर मांडावं, कारण स्टिकर लागल्यावर बदलता येत नाही. २५, १००, ५००, १००० हे चार आकडे पुरतात. प्रत्येक खेळाडूला २५ च्या १२, १०० च्या १२, ५०० च्या ५ आणि १००० च्या ६: एकूण ३५ चिप्स, १०,००० गुण. ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधी दोघांनी सक्तीने लावायचे गुण, २५ आणि ५० ने सुरू केले तर हातात दोनशे मोठे ब्लाइंड, म्हणजे निवांत डाव. आठ जणांना ९६, ९६, ४० आणि ४८ लागतात. पेटीत रंगांची वाटणी १००-१००-५०-५० असेल तर बरोबर बसतं. ७५-७५-५०-५०-५० अशी पाच रंगांची पेटी सहा जणांनाच पुरेल: ७२, ७२, ३०, ३६, आणि पाचवा रंग ५००० साठी. दुकानात पेटीवर फक्त ‘३००’ लिहिलेलं असतं. उघडून रंग मोजल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

१, ५, १०, २५ असे छोटे आकडे छापावेत का, असं बरेच जण विचारतात. दर हाताला हिशेब करून उठायचं असेल तर ते सोयीचे. एकच स्पर्धा रात्रभर चालवायची असेल तर २५ पासून सुरुवात करावी. लहान चिप्स तासाभरात निरुपयोगी होतात आणि काढून घ्याव्या लागतात.

पेटी आणि देखभाल

पेटी हा या सेटचा सगळ्यात कच्चा भाग, पाचपैकी दीड. ॲल्युमिनियम दिसतं ते फक्त कडेच्या पट्ट्यांचं, आत बहुधा एमडीएफ किंवा हार्डबोर्ड. ३०० चिप्स म्हणजे साडेतीन किलोच्या आसपास, आणि मूठ दोन बारीक रिबिटांवर. निपाणीहून बेळगावला बसने न्यायची असेल तर मुठीला धरू नये, पिशवीत घालून खालून आधार द्यावा. ५०० च्या पेटीला तर मुठीची जागा आतून पत्र्याच्या पट्टीने पक्की केल्याशिवाय उचलूच नये. पावसाळ्यात हार्डबोर्ड दमट होऊन फुगतो, झाकण बसत नाही, मग लोक जोर लावतात आणि बिजागरी उखडते. सिलिका जेलच्या दोन पुड्या आत टाकाव्यात, पेटी जमिनीवर ठेवू नये.

खेळताना खायला काय ठेवता यावर चिपचं आयुष्य ठरतं. भडंग आणि मिरची भजी ठीक, पुसता येतं. कुंदा या बेळगावी खव्याच्या मिठाईचं तूप मॅट लॅमिनेशनच्या बारीक खरखरीत छिद्रांत बसतं आणि तिथे मळ धरतो. कुंदा डाव संपल्यावर. मळलेल्या चिप्स साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने एकेक पुसाव्यात, बादलीत ओतू नयेत.

उरलेली पाचवी शीट सपाट, बटर पेपरमध्ये, पेटीच्या झाकणात ठेवावी. गुंडाळून ठेवली तर हाफ कटचे गोल आपोआप उचलतात आणि कडेला धूळ चिकटते. आणि कापणीच्या फाइलची प्रत प्रेसवाल्याकडून त्याच दिवशी पेन ड्राइव्हवर घ्यावी. महिन्याभराने त्याच्या कॉम्प्युटरवर ‘फायनल नवीन २’ नावाच्या चाळीस फाइल्स असतात, आणि तुमची कोणती हे त्यालाही सांगता येत नाही.